रात्री मॉडेल रॉकेट उडवायचंय? अमेरिकेत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

मुलगी पाचवीत असताना शाळेच्या सायन्स क्लबातून एस्टेस कंपनीचं मॉडेल रॉकेटचं एक किट घरी आलं आणि तिथून आमच्या घरात रॉकेटचं वेड शिरलं. एकदा दिवाळीला तिने विचारलं, बाबा आपलं रॉकेट दिवा लावून रात्री नाही का उडवता येणार? मी म्हटलं, का नाही. नोव्हेंबरातली संध्याकाळ होती, साडेपाचला मिट्ट काळोख, घराजवळच्या पार्कमध्ये गेलो, पॅड, म्हणजे रॉकेट उभं करायचा स्टँड, मांडला आणि पहिलं रॉकेट लावायच्या आत पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. ऑफिसर सभ्य होता, रॉकेटला त्याची काही हरकत नव्हती, पण ते पार्क सूर्यास्ताला बंद होतं आणि आम्ही बंद पार्कात उभे होतो. मुलगी घाबरली ते घाबरलीच. त्या रात्री घरी येऊन वाचायला बसलो, मग इथल्या रॉकेट क्लबातल्या जुन्या माणसांना गाठलं, आणि पुढच्या वर्षीपासून आम्ही दर दिवाळीनंतर एक संध्याकाळ नीट परवानगी घेऊन रॉकेटं उडवतो. आता ओळखीतली नवीन आलेली मराठी कुटुंबं दर ऑक्टोबरला तेच प्रश्न विचारतात म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

एक आधीच सांगतो, हे अमेरिकेपुरतं आहे. भारतात स्फोटक पदार्थांचे कायदे वेगळे आहेत, ते बघणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा इथे जे चालतं ते तिकडे चालेल असं धरू नका. आणि दुसरं, मॉडेल रॉकेट म्हणजे दिवाळीचा बाण नव्हे. बाण पेटवून द्यायचा आणि विसरायचा, हे रॉकेट बॅटरीच्या करंटने लांबून पेटवायचं, वर जाऊन ते पॅराशूट उघडतं, खाली येतं, आणि तेच पुन्हा उडवायचं. रात्रीची सगळी गंमत आणि सगळी अडचण त्या "खाली येतं" मध्येच आहे.

१. आधी तुमचं रॉकेट कुठल्या वर्गातलं आहे ते बघा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. विमान वाहतूक बघणाऱ्या एफएएच्या नियमावलीत पार्ट १०१ म्हणून भाग आहे, त्यात हौशी रॉकेटचे ३ वर्ग केलेत. क्लास १ म्हणजे आपलं नेहमीचं मॉडेल रॉकेट: १२५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन नाही, इंधन हळू जळणारं, मोटरसकट (मोटर म्हणजे इंधन भरलेली कांडी) एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत, कागद लाकूड किंवा मोडणारं प्लॅस्टिक यातून बनवलेलं, धातूचे मोठे भाग नाहीत. मोटरच्या नावातलं अक्षर ए, बी, सी असं पुढे गेलं की मोटर जास्त ताकदीची. एस्टेसच्या सी६ मोटरमध्ये इंधन असतं साधारण ११ ग्रॅम, यावरून अंदाज येईल की दुकानात मिळणारी लहान मुलांची किटं या मर्यादेच्या किती आत आहेत.

क्लास २ म्हणजे हाय पॉवर, आणि त्याच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात एफएएच्या आगाऊ परवानगीशिवाय उडवायचं नाही. क्लास १ ला ही रात्रीची अट नाही. पण म्हणून मोकळं रान नाहीये, क्लास १ लाही एक अट कायम लागू असते की माणसांना, मालमत्तेला आणि विमानांना धोका होता कामा नये, आणि रात्री ती पाळणं जास्त कठीण जातं कारण दिसतच नाही ना.

जुने लेख वाचून घाबरू नका, त्यात ४५३ ग्रॅम वजन आणि ११३ ग्रॅम इंधन अशी मर्यादा सापडेल आणि त्यावर गेलात तर एफएएला कळवा असं लिहिलेलं असेल. ते २००९ च्या आधीचं आहे, तेव्हा नियम बदलले.

उलटा सापळा मात्र खरा आहे. रात्री ठिणग्या उडवणारी मोटर फार सुंदर दिसते, व्हिडिओत बघून सगळ्यांना तीच हवी असते. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे नार, यांच्या हिशोबात ठिणग्या काढणारी मोटर आकाराने कितीही लहान असली तरी हाय पॉवरमध्येच मोडते, ती घ्यायला सर्टिफिकेट लागतं आणि वाळक्या गवताजवळ ती उडवणं म्हणजे आग लावणं. तो विचार पहिल्या वर्षी डोक्यातून काढूनच टाका.

ज्यांच्याकडे खरंच क्लास २ चं रॉकेट आहे त्यांना थोडक्यात: एकट्याने करू नका, ज्या क्लबकडे रात्रीची परवानगी आहे त्यांच्याबरोबर जा. परवानगीचा अर्ज ७७११-२ या फॉर्मवर जातो, कमीत कमी ४५ दिवस आधी, त्यात जागेचे अक्षांश रेखांश, कमाल उंची, रॉकेटं किती, मोटर कुठली, रॉकेट खाली कसं येणार, सगळं द्यावं लागतं. शिवाय लाँचच्या २४ तास ते ३ दिवस आधी जवळच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलला वेगळं कळवायचं. विमानतळाच्या हद्दीपासून ५ नॉटिकल मैल लांब, ढगांनी अर्ध्याहून जास्त आभाळ व्यापलं असेल तर नाही, आडवी ५ मैलांपर्यंत दिसत नसेल तर नाही, १८ वर्षांवरचा एक जबाबदार माणूस हजर हवा. हे सगळं क्लब करतो, आपण फक्त त्यांच्या रांगेत उभं राहायचं. रात्रीच्या लाँचला प्रत्येक क्लब स्वतःचेही जादा नियम लावतो, ते जायच्या आधी फोन करून विचारा, तिथे पोचल्यावर वाद घालू नका.

इथून पुढे मी फक्त क्लास १ बद्दल बोलतोय.

२. जागा, म्हणजे खरं तर जागेच्या मालकाची परवानगी

एफएए काही म्हणत नाही म्हणजे सगळं कायदेशीर झालं असं मला वाटलं होतं आणि तिथेच मी फसलो. केंद्राचा नियम एक, राज्याचा आणि काउंटीचा दुसरा, गावाचा तिसरा आणि जमिनीच्या मालकाचा चौथा, यातला एक जरी "नाही" म्हणाला तरी नाहीच. कॅलिफोर्नियात तर फायर खात्याची परवानगी घेतल्याशिवाय दिवसाही उडवता येत नाही. बाकी राज्यांतही काही गावांनी मॉडेल रॉकेटला फटाक्यांच्या नियमात टाकलेलं असतं, तेव्हा गावाच्या ऑफिसला फोन करून "मॉडेल रॉकेट, नारच्या सेफ्टी कोडप्रमाणे, रात्री" असं तीनही शब्द वापरून विचारा. नुसतं "रॉकेट" म्हटलं की समोरच्याला फटाकेच वाटतात.

पार्क जवळपास सगळे सूर्यास्ताला किंवा ठरलेल्या वेळेला बंद होतात. शाळेचं ग्राउंड शाळेच्या डिस्ट्रिक्टचं असतं आणि प्रिन्सिपलने तोंडी हो म्हटलेलं पुरत नाही. आम्हाला शेवटी शिकागोच्या पश्चिमेला एका शेतकऱ्याने सोयाबीन काढून झालेलं शेत दिलं, ओळखीच्या ओळखीतून. सोयाबीनचं का ते सांगतो: सोयाबीन काढल्यावर जमिनीवर फार काही उरत नाही, मक्याच्या शेतात मात्र वाळलेली ताटं आणि पानं पडलेली असतात, ती पेटायला वेळ लागत नाही आणि रॉकेट त्यात पडलं तर सापडतही नाही.

मैदान केवढं हवं हे मोटरवर ठरतं. नारच्या कोडप्रमाणे मैदानाची कमीत कमी बाजू ए मोटरला १०० फूट, बीला २०० फूट, सीला ४०० फूट, डीला ५०० फूट आणि ई, एफ, जीला १००० फूट लागते. हे सगळं दिवसा-रात्री सारखंच आहे, पण माझा नियम असा की रात्री एक अक्षर वरचं मैदान घ्यायचं, म्हणजे बी मोटर उडवायची तर सीएवढं मैदान. अंधारात रॉकेट कुंपणापलीकडे गेलं तर दुसऱ्याच्या रानात टॉर्च घेऊन शिरणं ही इथे फार वाईट कल्पना आहे, लोक घाबरतात आणि इथे घराघरात बंदुका असतात.

नकाशावर विमानतळही बघून घ्या, छोटी खाजगी धावपट्टी सुद्धा. क्लास १ ला ५ मैलांची अट नाही पण मी ती स्वतःवर लावून घेतली आहे, कारण रात्री खाली उतरणारं छोटं विमान किती लांब आहे ते आपल्याला कळत नाही.

३. सोबत ठेवायचे कागद आणि सामान

कागद: जागेच्या मालकाचं तारीख-वेळ लिहिलेलं परवानगीपत्र (ईमेलची प्रिंट चालते), गावाकडून किंवा फायर खात्याकडून काही मिळालं असेल तर ते, नारचं मेंबरशिप कार्ड असेल तर ते, मोटरच्या पाकिटावरचं लेबल, आणि नारच्या मॉडेल रॉकेट सेफ्टी कोडची एक प्रिंट. मेंबरशिप सक्तीची नाहीये पण कोड पाळून उडवत असाल तर त्यासोबत विमा मिळतो आणि शेतकऱ्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो. ही सगळी प्रिंट एका फोल्डरमध्ये घालून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, फोनमध्ये नको, थंडीत फोन बंद पडतो.

त्याच दिवशी दुपारी पोलीस आणि फायर खात्याच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करून ठेवा, कुठे, किती ते किती, साधारण किती रॉकेटं. शेजारी आकाशात दिवा बघून ९११ लावतातच, त्यांना आधी माहिती असली की गाडी येत नाही.

सामान: लाल उजेडाचा हेडलॅम्प प्रत्येकाला एक, एक मोठा पांढरा टॉर्च, ग्लो स्टिकचं पाकीट, रिफ्लेक्टिव्ह टेप, कंट्रोलरसाठी (बटण दाबून लांबून मोटर पेटवायचा डबा) नवीन बॅटऱ्या, जादा स्टार्टर (मोटर पेटवणारी बारीक तार) आणि ते जागी धरणारे प्लग, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून नळीत घालायचा कागद), पाण्याचा फायर एक्स्टिंग्विशर, पाण्याने भरलेली बादली, ओलं केलेलं जाड पोतं, फावडं, फर्स्ट एड, सेफ्टी गॉगल, होकायंत्र, आणि थर्मासमध्ये चहा कारण नोव्हेंबरात इथे संध्याकाळी हात चालत नाहीत.

मोटर गाडीच्या डिकीत महिनोन्महिने ठेवू नका. ऊन-थंडी ऊन-थंडी झाली की काळ्या दारूच्या कांडीला आत भेगा जातात आणि पेटवल्यावर मोटर फुटते. दिवसा फुटली तर वाईट वाटतं, रात्री फुटली तर जळते तुकडे कुठे पडले तेच कळत नाही. आणि सुट्टीला भारतात जाताना भाच्यासाठी म्हणून मोटर बॅगेत टाकू नका, विमानात ना हातातल्या बॅगेत चालत ना चेक-इनच्या. नुसतं रॉकेट नेता येतं, मोटर नाही.

४. तेच रॉकेट, तेच मैदान, आधी दिवसा

ही पायरी लोक गाळतात. दिवा, बॅटरी, टेप, सगळं बसवून, म्हणजे रात्री जे वजन असणार त्याच वजनाने, किमान दोनदा दिवसाउजेडी उडवा. रॉकेट सरळ जातंय का, पॅराशूट वेळेत उघडतंय का, वाऱ्याने किती लांब जातंय, हे डोळ्यांनी बघून ठेवलं की रात्री अर्ध्या गोष्टींचा अंदाज आपोआप येतो. दिवसा उडवलं नाही ते रात्री उडवायचं नाही, आमच्या घरात यावर चर्चा नाही.

पहिल्या रात्रीसाठी माझी निवड बिग बर्था किंवा तसलं जाडजूड हळू चढणारं रॉकेट. सी मोटरवर साधारण ५०० फुटांपर्यंत जातं, डोळ्याला पूर्णवेळ दिसतं. बारीक हलकं रॉकेट सी मोटरवर हजार फुटांच्या आसपास जातं, मग दिवा एक ठिपका होतो आणि ताऱ्यांत मिसळतो.

५. दिवा बसवणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

पहिली गोष्ट वजन. मोटरचं एक कमाल उचलायचं वजन असतं, एस्टेसच्या तक्त्यात ए८-३ ला साधारण ८५ ग्रॅम आणि सी६-५ ला ११३ ग्रॅम, मोटर धरून. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पूर्ण तयार रॉकेट ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. वजन वाढलं की रॉकेट कमी उंच जातं आणि मोटरचा डिले जास्त पडतो, म्हणजे रॉकेट वरून खाली नाक करून पडायला लागल्यावर पॅराशूट उघडतं. सी६-५ मधला शेवटचा ५ म्हणजे इंधन संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूटचा बार उडतो, तेव्हा दिव्याने रॉकेट जड झालं असेल तर सी६-३ घ्या.

दुसरी गोष्ट वजन कुठे वाढलं. रॉकेटचा गुरुत्वमध्य वाऱ्याच्या दाबाच्या केंद्रापेक्षा निदान एका नळीच्या जाडीएवढा पुढे, नाकाच्या बाजूला हवा. दिवा नाकाजवळ बसवला तर हे आणखी सुधारतं. शेपटीला, फिनजवळ (मागच्या पंखांजवळ) बसवला तर बिघडतं, आणि मग रॉकेट सरळ न जाता हवेत गोल गोल फिरत कोणाच्याही अंगावर येतं. फिनवर एलईडीच्या पट्ट्या चिकटवलेली रॉकेटं दिसायला छान दिसतात, पण नवशिक्याने करू नये. शंका असेल तर मोटर भरून रॉकेट बॅलन्स पॉइंटला दोरी बांधून डोक्याभोवती गोल फिरवा, नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, आडवंतिडवं झालं तर नाकात थोडी चिकणमाती भरा.

आता दिवा कुठला. ग्लो स्टिक सगळ्यात सोपी, मासेमारीवाल्या छोट्या मिळतात, पण थंडीत त्यांचा उजेड खूप मंद होतो, आतली रासायनिक क्रियाच हळू होते. मागच्या खेपेला एका मित्राने त्यावर भिस्त ठेवली आणि वर जाताना सुद्धा रॉकेट दिसलं नाही. एलईडी आणि सीआर२०३२ हे गोल सेल मला पसंत, सेलचं वजन ३ ग्रॅमच्या आसपास, एलईडी तारेला सोल्डर करून तारा सेलवर टेपने दाबल्या की झालं. नाकामागे सामान ठेवायची पारदर्शक पेलोड नळी असलेलं रॉकेट असेल तर त्यात घाला. काही किटमध्ये पांढरा पोकळ नोज कोन, म्हणजे नाकाचा भाग, येतो, आत सेलवर चालणारी बारीक दिव्यांची माळ कोंबली की आकाशकंदिलासारखा उजळतो, मुलांना हा प्रकार फार आवडतो. सेल बसवल्यावर टेपने पक्का बंद करा, घरात लहान पोर असेल तर मोकळा सेल टेबलावर ठेवूच नका, गिळला तर अन्ननलिका जाळतो.

एक दिवा पुरत नाही हे आम्ही रॉकेट हरवून शिकलो. पॅराशूट उघडल्यावर नाक आणि नळी दोरीने लटकत खाली येतात, नाकातला दिवा जमिनीवर पालथा पडला की पाच फुटांवरून दिसत नाही. म्हणून दोन एलईडी विरुद्ध दिशांना तोंड करून, आणि तिसरा शॉक कॉर्डवर (नाक आणि नळी जोडणारी दोरी) नाकाच्या टोकापाशी बांधून. लाल आणि हिरवा एकत्र लावू नका, विमानाच्या पंखांवर तेच रंग असतात. मी पांढरा स्थिर आणि निळा हळू लुकलुकणारा असे दोनच रंग वापरतो. बार उडतो तिथे आत आग असते, तारा आणि टेप वॅडिंगच्या वरच्या बाजूला राहतील असं बघा. आणि आदल्या रात्री दिवा लावून तासभर बाहेर थंडीत ठेवा, तासाने तेवढाच उजेड असेल तरच तो दिवा.

६. तारीख, चंद्र, वारा

मनात दिवाळी असते पण दिवाळी अमावस्येची. आभाळ काळंभोर, रॉकेटचा दिवा झकास दिसतो, आणि पडलेलं रॉकेट मात्र सापडत नाही. आम्ही आता त्रिपुरी पौर्णिमेजवळचा शनिवार धरतो, पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, शेत दुधासारखं दिसतं आणि माणसं एकमेकांना दिसतात. कोजागिरीलाही चालेल, पण ऑक्टोबरात अंधार उशिरा पडतो आणि मुलांची झोपायची वेळ होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर आमच्याकडे साडेचारलाच सूर्य मावळतो, साडेपाचला सुरू करून सातला घरी.

वाऱ्याची कोडमधली कमाल मर्यादा ताशी २० मैल आहे. रात्री मी ८-१० च्या वर उडवत नाही. ढग खाली असतील तर नाही, कोडप्रमाणे ढगात रॉकेट सोडायचंच नसतं आणि रात्री ढग कुठे सुरू होतो ते दिसत नाही, चांदण्या स्पष्ट दिसत नसतील तर सामान गाडीत ठेवा. काउंटीत बर्न बॅन (उघड्यावर पेटवायला बंदी) किंवा रेड फ्लॅग वॉर्निंग (आगीच्या धोक्याचा इशारा) असेल तर सगळे जमलेले असले तरी रद्द. लोक नाराज होतात, होऊ देत, बटाटेवडे खाऊन घरी जा.

७. मैदान उजेडात मांडून घ्या

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. पॅडभोवतीचं वाळलेलं गवत फावड्याने काढा, निदान दोन-तीन पावलं सगळीकडे, आणि ओलं पोतं खाली अंथरा. पॅडच्या पायांना, कंट्रोलरच्या वायरीला आणि बसायच्या जागेच्या कडेला रिफ्लेक्टिव्ह टेप किंवा ग्लो स्टिक बांधा, अंधारात वायरीत पाय अडकून पॅड आडवा होणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

लाँच रॉडबद्दल मी हात जोडून सांगतो. रॉकेट जिच्यावर सरकवतात ती बारीक लोखंडी काडी अंधारात दिसत नाही आणि तिच्यावर वाकताना टोक सरळ डोळ्यात जातं. टोकाला टोपी हवी, टोपीला चमकती टेप हवी, आणि रॉकेट लावायच्या क्षणीच टोपी काढायची, रॉकेट गेल्यावर लगेच परत घालायची. पॅडवर जाणाऱ्याने गॉगल घालायचा. यात लहान-मोठा भेद नाही.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, कोणी गाडीचे हेडलाइट लावले की सगळ्यांची सवय मोडते. गाड्या आधीच तोंड फिरवून लावा.

८. उडवणं

पॅडवर एकच माणूस जाईल, आणि कंट्रोलरची सेफ्टी की त्याच माणसाच्या खिशात असेल. की दुसऱ्याकडे ठेवून पॅडवर जायचं नाही, कधीच नाही. हेडलॅम्पच्या उजेडात क्लिपा नीट बघा, दोन क्लिपा एकमेकींना किंवा पॅडच्या पत्र्याला टेकल्या तर पेटणार नाही. रॉकेटचा दिवा लावा, सगळ्यांना ओरडून विचारा "दिवा दिसतोय?", दोघांनी तरी हो म्हटल्याशिवाय मागे येऊ नका.

कोडप्रमाणे डीपर्यंतच्या मोटरला १५ फूट आणि त्यावर ३० फूट लांब उभं राहायचं, रात्री सरसकट ३० फूट ठेवा. किटसोबतची वायर आधीच मोजून बघा, तेवढी पुरते का ते.

दोघांना आभाळ बघायला बसवा, एक पूर्वेकडे तोंड करून आणि एक पश्चिमेकडे. विमानाचा लुकलुकता दिवा जवळपास दिसला तर थांबायचं, तो पूर्ण जाईपर्यंत. मग "आभाळ मोकळं, मैदान मोकळं" असं मोठ्याने म्हणून ५ पासून उलटे आकडे, सगळ्यांना ऐकू येईल असे. पोरांना आकडे मराठीत म्हणायला फार आवडतं, म्हणू द्या.

एका वेळी एकच रॉकेट. पहिलं जमिनीवर पडून त्याचा दिवा कुठे आहे हे कळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. रात्री दोन दिवे वर असले की नजर दोन्हीकडे जाते आणि दोन्ही हरवतात.

९. पेटलं नाही तर

की काढा, खिशात टाका, घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद थांबा, मगच पॅडकडे. अंधारात ६० सेकंद फार मोठे वाटतात, मुलं "गेलं, विझलं" म्हणून पळायला बघतात, त्यांचा हात धरून ठेवा. बहुतेक वेळा बॅटरी थंडीने गार झालेली असते किंवा स्टार्टर आतल्या दारूला टेकलेला नसतो, प्लग सैल बसला की तो घसरतो. दोनदा नाही पेटलं तर ती मोटर बाजूला काढा, रात्री तिच्याशी झटापट नको.

१०. शोधणं

रॉकेट खाली येताना पळायचं नाही. उभ्या जागी राहून दिवा जिथे टेकला त्या दिशेला हात करा, होकायंत्रावर आकडा बघा. दुसरा माणूस शंभरेक फूट बाजूला उभा असेल आणि त्यानेही आकडा घेतला तर दोन रेघा जिथे छेदतात तिथे रॉकेट. हे लेकीला भूमितीच्या तासाला समजलं नव्हतं, शेतात समजलं.

शोधायला दोघांनी मिळून जायचं, मागे राहिलेल्यांनी तेवढा वेळ लाँच बंद ठेवायचं. विजेच्या तारेवर किंवा उंच झाडावर अडकलं असेल तर ते गेलं. विजेच्या तारेजवळ काठी सुद्धा न्यायची नाही. कुंपणापलीकडे पडलं असेल तर सकाळी त्या घराची बेल वाजवा, आजवर आम्हाला सगळ्यांनी हसून परत दिलंय.

११. आग

एका माणसाचं काम फक्त हेच, तो रॉकेट बघणार नाही, जमीन बघणार. दर उड्डाणानंतर पॅडभोवती आणि रॉकेट पडलं तिथे लालसर ठिपका दिसतोय का ते हेडलॅम्प बंद करून बघा, अंधाराचा हा एक फायदा आहे, धुमसणारं वॅडिंग लगेच दिसतं. जे दिसेल त्यावर पाणी, नुसता बूट घासून जाऊ नका. शेवटच्या उड्डाणानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं, चहा तेव्हासाठीच आणलेला असतो. आग आवाक्याबाहेर वाटली तर एक्स्टिंग्विशरचा हिशोब करत बसू नका, आधी ९११.

१२. दुसऱ्या दिवशी सकाळी

उजेड झाल्यावर एक चक्कर मारावीच लागते. वॅडिंगचे कागद, वायरीचे तुकडे, जळके स्टार्टर, ग्लो स्टिका, आणि विशेषतः गोल सेल. जाताना किती सेल नेले ते लिहून ठेवा आणि परत आले किती ते मोजा, शेतात राहिलेला सेल जनावराच्या पोटात जाऊ शकतो. न पेटलेल्या काळ्या दारूच्या मोटरी बादलीत पाण्यात भिजत घाला, कागद सुटून आतला मगज विरघळून पडला की मग कचऱ्यात.

शेतकऱ्याला फोन करून सांगा की सगळं उचललं, काही जळलेलं नाही, आणि चक्कर मारताना काही दिसलं असेल, तुटलेलं कुंपण वगैरे, तर तेही सांगा. आम्ही सोबत चिवड्याचा आणि चकलीचा डबा देतो. आता तो स्वतःच ऑक्टोबरात फोन करून विचारतो की यंदा कुठल्या शनिवारी येताय, म्हणजे तो त्या बाजूचं सोयाबीन आधी काढून ठेवेल.